शहराची किल्ली परत करणारा खेळाडू

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतली एक मुलगी घरी आली. सतरा वर्षांची आहे, बास्केटबॉल खेळते आणि नुकतीच तिची राज्याच्या संघात निवड झाली आहे. "जय भीम दादा" म्हणाली आणि दारातच उभी राहिली. मला वाटले पेढे घेऊन आली असेल. पण तिच्या हातात निमंत्रणपत्रिका होती. शहरातल्या एका कॉलनीच्या मंडळाने तिचा जाहीर सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स.

"दादा, जाऊ का नको?"

ती असे का विचारते हे मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईवडिलांनी त्याच कॉलनीत भाड्याने खोली शोधली होती. मैदान तिथून जवळ, पहाटेच्या सरावाला पोरीला सोपे जाईल म्हणून. चार घरे पाहिली. पहिल्या घरी भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, मग आडनाव विचारले गेले, आणि ही खोली गावाकडच्या पुतण्याला लागणार असल्याचे मालकाला अचानक आठवले. पुढच्या तीन घरांतही असेच कुणाकुणाचे पुतणे निघाले. ती मुलगी आजही पहाटे पाचला घरातून निघते आणि दोन रिक्षा बदलून मैदानावर पोहोचते.

मला पटकन उत्तर देता आले नाही. कारण मी स्वतः एकदा गेलो होतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी विद्यापीठाच्या संघातून खेळायचो. उंची सहा फूट दोन इंच, त्यामुळे सेंटरची जागा. आम्ही एक मोठी स्पर्धा जिंकलो आणि पेपरात संघाचा फोटो आला. त्याच जूनमध्ये मी नोकरीच्या गावी खोली शोधत फिरत होतो. एका घरमालकाने मला फोटोवरून ओळखले. आत बोलावले, चहा दिला, माझ्या हाताची लांबी आपल्या मुलाला कौतुकाने दाखवली. फोटोखाली फक्त 'विजयी संघ' एवढेच छापले होते, नावे नव्हती. चहा संपल्यावर त्याने पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. "घरच्यांना विचारून कळवतो," म्हणाला. कुठे कळवणार ते मात्र त्याने विचारले नाही.

पुढच्या वर्षी त्याच भागातल्या एका मंडळाने आम्हा खेळाडूंचा सत्कार केला. मी गेलो, वाकून शाल घेतली, फोटो काढला. ती शाल अजून घरात आहे. थंडीत आई पांघरायची.

त्या वेळी मला बिल रसेल माहीत होता, पण अर्धाच.

आमचे कोच त्याचे नाव एका कामासाठी घ्यायचे. समोरच्याचा शॉट अडवताना आम्ही पोरे चेंडूला जोरात थापड मारून तो प्रेक्षकांत भिरकावून द्यायचो. टाळ्या पडायच्या. कोच बाहेरून ओरडायचे, "अरे, चेंडू बाहेर गेला म्हणजे परत त्यांनाच मिळाला! रसेल काय करायचा? हळूच थोपटून आपल्या माणसाच्या हातात द्यायचा." मग कोच आकडा सांगायचे. तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदे. त्यांतली आठ सलग. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, इतकी अजिंक्यपदे दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला मिळालेली नाहीत. मला एवढेच माहीत होते. त्या माणसाने मैदानाबाहेर काय अडवले, हे मी फार उशिरा वाचले. वाचले तेव्हा घरातल्या शालीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

मित्रांनो, ते उरलेले अर्धे आज तुम्हाला सांगायचे आहे.

विल्यम फेल्टन रसेलचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियाना राज्यात झाला. त्याच्या लहानपणच्या दोन गोष्टी त्याने आयुष्यभर सांगितल्या. वडील एकदा पेट्रोल भरायला थांबले. पंपावरचा माणूस आधी सगळ्या गोऱ्यांच्या गाड्या भरत राहिला. वडील कंटाळून निघायला लागले, तर त्याने बंदूक रोखली आणि तुझी पाळी येईपर्यंत थांब म्हणून दरडावले. दुसरी गोष्ट आईची. ती चांगला पोशाख घालून बाजारात गेली होती. पोलिसाने तिला अडवले आणि हे गोऱ्या बाईचे कपडे घरी जाऊन उतरव, असे सुनावले. चांगले कपडे घातले म्हणून मार खाल्लेली माणसे आपल्याकडच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यामुळे ही गोष्ट मला समजावून घ्यावी लागली नाही.

कुटुंब दक्षिण सोडून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आले आणि सरकारी चाळीत राहू लागले. रसेल बारा वर्षांचा असताना आई गेली. पोराने शिकावे, हा तिचा ध्यास होता. आईविना पोर सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागले. तिथे एका पुस्तकात त्याने वाचले की अमेरिकेतले गुलाम आफ्रिकेतल्या स्वतंत्र माणसांपेक्षा सुखी होते. बारा वर्षांच्या मुलाला ते वाक्य इतके बोचले की म्हातारपणी लिहितानाही त्याने ते काढले. त्याच ग्रंथालयात त्याला आँरी क्रिस्तोफ सापडला, गुलामांच्या क्रांतीतून पुढे येऊन हैतीचा राजा झालेला माणूस. आईनंतरचा आपला पहिला आदर्श म्हणून रसेलने त्याचेच नाव घेतले आहे. रसेल घडला तो आधी त्या ग्रंथालयात. मैदानावर तो त्यानंतर आला.

मैदानावर तो सुरुवातीला सामान्यच होता. शाळेच्या कनिष्ठ संघात खेळाडू सोळा आणि गणवेश पंधरा. सोळावा रसेल. एक गणवेश तो दुसऱ्या मुलाबरोबर वाटून घालायचा. एक सामना याने खेळायचा, एक त्याने. पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. त्या विद्यापीठाला तेव्हा स्वतःचे बंदिस्त मैदानसुद्धा नव्हते. या संघाने १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली आणि रसेल असताना सलग ५५ सामने जिंकले. १९५४च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटीला स्पर्धा होती. कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेले जागा देईनात. तेव्हा सगळा संघ, गोऱ्या मुलांसह, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात राहिला. ही एकजूट रसेल विसरला नाही, कारण पुढे ती त्याला दर वेळी मिळाली नाही.

नियमही बदलले गेले. उंच खेळाडूंचा टोपलीजवळचा दबदबा कमी व्हावा म्हणून त्या भागातला आखलेला पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला गेला. हा बदल रसेलच्या नावानेच ओळखला जातो. त्याने तक्रार केली नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेतले आणि त्याच डिसेंबरात बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात दाखल झाला.

आता त्याच्या खेळाविषयी थोडे. रसेलच्या आधी बचाव म्हणजे पाय जमिनीवर ठेवून समोरच्याला अडवणे. सहा फूट दहा इंचाचा हा गडी उडी मारून हवेत शॉट अडवायचा आणि चेंडू मैदानातच ठेवायचा. त्याने थोपटलेला चेंडू धरून साथीदार धावत सुटायचे आणि समोरचा संघ सावरायच्या आत गुण व्हायचा. त्याने एकूण २१,६२० रिबाउंड घेतले, म्हणजे सामन्याला साडेबावीस. पण शॉट किती अडवले, याचा आकडा कुठेच नाही. त्या काळी एनबीए ती नोंद ठेवतच नव्हती. ती मोजणी १९७३-७४च्या हंगामापासून सुरू झाली आणि रसेल १९६९लाच निवृत्त झाला होता. ज्या कौशल्याने त्याने खेळ बदलला, त्या कौशल्याचा रकाना अधिकृत वहीत नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांनी गावाची सगळी कामे केली आणि गावाच्या दप्तरात ज्यांच्या कामाची ओळसुद्धा नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

जे मोजले जायचे, तेही कोण मोजतो यावर अवलंबून होते. १९५८ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रसेलची निवड झाली. हे मतदान खेळाडूंचे होते. त्याच वर्षी पत्रकारांच्या मतांवरून हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांचा संघ निवडला गेला. त्यात रसेल नव्हता. त्याला दुसऱ्या फळीच्या संघात टाकले होते. सगळ्या लीगमध्ये पहिला, आणि पहिल्या पाचांत नाही! १९६१ आणि १९६२लाही हेच झाले. जे त्याच्यासमोर मैदानात उभे राहायचे, त्यांना तो कोण आहे हे कळत होते.

आणि बॉस्टन शहर? शहराचा संघ वर्षामागून वर्षे अजिंक्यपद जिंकत होता आणि प्रेक्षागृहातल्या खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. त्याच प्रेक्षागृहात आइस हॉकीचा हरणारा संघ खेळला की गर्दी व्हायची. रसेल बॉस्टनजवळच्या रेडिंग या गावी राहत होता. १९६३ साली गावाने 'बिल रसेल दिन' साजरा केला, त्याचा सत्कार केला. रसेलला गहिवरून आले. उरलेले आयुष्य याच गावात काढायला आवडेल, असे तो तिथे म्हणाला. पुढे त्याने त्याच गावातल्या अधिक चांगल्या वस्तीत घर घ्यायचे ठरवले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी विरोधात सह्या गोळा केल्या.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बसलो. ज्या हातांनी हार घातला, त्याच हातांनी सही केली. माझा चहा आणि माझी खोली मला आठवली.

रेडिंगमधले पुढचे त्याच्या मुलीने, कॅरन रसेलने, १९८७ साली एका लेखात लिहिले आहे. संघ बाहेरगावी गेला की रात्री कुणीतरी येऊन त्यांच्या दारातले कचऱ्याचे डबे उलथून जायचे. वडिलांनी पोलिसांत तक्रार केली. पोलिस म्हणाले, ती रॅकूनची कामे असतील. रॅकून म्हणजे रात्री कचरा उकरणारा एक जंगली प्राणी. त्यावर रसेलने विचारले, बंदुकीचा परवाना कुठे मिळतो? रॅकून पुन्हा आले नाहीत. एकदा मात्र घर फोडून माणसे आत शिरली. भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, त्याची स्मृतिचिन्हे फोडली आणि अंथरुणात घाण करून गेली. चोरी करायची असती तर स्मृतिचिन्हे उचलून नेली असती. ती फोडली, यातच सगळे आले.

आता किल्लीची गोष्ट. सेल्टिक्सचा संघ एका प्रदर्शनीय सामन्यासाठी इंडियाना राज्यातल्या मॅरियन शहरी गेला होता. महापौरांनी खेळाडूंना शहराची किल्ली दिली. तिकडे पाहुण्याचा हा मोठा मान समजतात, शहर तुमच्यासाठी खुले आहे असा त्याचा अर्थ. त्यानंतर रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी जेवायला एका हॉटेलात गेले, तर त्यांना वाढायला नकार मिळाला. त्यांनी महापौरांचे घर शोधून काढले, रात्री त्यांचे दार वाजवले आणि किल्ल्या परत दिल्या. जी किल्ली एका खानावळीचे दार उघडत नाही, ती घरी नेऊन करायची काय?

१९६१च्या ऑक्टोबरमध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरी पुन्हा तेच घडले. संघातल्या सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स यांना हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये काही द्यायला नकार मिळाला. रसेलने आणि बाकीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी न खेळता परत जायचे ठरवले. प्रशिक्षक रेड आवरबाख यांनी समजूत घातली. हॉटेलवाल्यांनी आता वाढतो म्हणून सांगितले. रसेल ऐकला नाही. फक्त आम्ही खेळाडू आहोत म्हणून वाढणार असाल तर नको, अशी त्याची भूमिका होती. ते विमानाने बॉस्टनला परतले. प्रतिस्पर्धी संघातले कृष्णवर्णीय खेळाडूही खेळले नाहीत. गोरे सहकारी मात्र थांबले आणि सामना खेळले.

प्रश्न कॉफीच्या कपाचा नव्हता, जसा महाडला तो ओंजळभर पाण्याचा नव्हता. 'तुला देतो, तू वेगळा आहेस' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." ऐकणाऱ्याला क्षणभर बरे वाटते, हेही मला माहीत आहे, कारण मला वाटले होते. त्या वाक्याने एका माणसाला आत घेतले जाते आणि त्याच्या मागे दार लावले जाते. रसेलने ते दार ओळखले होते.

तो केवळ नकार देत बसला नाही. मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या नागरी हक्क चळवळीच्या नेत्याचा १९६३च्या जूनमध्ये खून झाला. नंतर त्याच्या भावाच्या बोलावण्यावरून रसेल जॅक्सन शहरी गेला आणि काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र घेऊन बास्केटबॉलचे शिबिर घेतले. तिथे जाणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचा प्रसिद्ध मोर्चा झाला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला मंचावर बोलावले. तो गेला नाही. हा मोर्चा ज्यांनी उभा केला त्यांची ती जागा आहे, आपण त्या कामात नव्हतो, असे म्हणून तो समोर श्रोत्यांत बसला. आपल्याकडच्या जयंतीच्या मंचावरची खुर्च्यांसाठीची रेटारेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या गोष्टीवर थोडा वेळ थांबावे. मीही त्या रेटारेटीत होतो.

१९६६ साली आवरबाख प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले आणि ती जबाबदारी रसेलकडे आली. एनबीएमधला हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. तो खेळतही होता. पत्रकार परिषदेत त्याला विचारले गेले की तू गोऱ्या खेळाडूंशी पक्षपात न करता वागशील का? त्याआधी एनबीएच्या कोणत्याही गोऱ्या प्रशिक्षकाला कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल हा प्रश्न विचारला गेला असेल, असे मला वाटत नाही. आरक्षणातून आलेल्या आपल्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी 'सगळ्यांना सारखे वागवणार ना?' असे विचारणारे सहकारी आठवून पाहा. रसेलने प्रशिक्षक म्हणून १९६८ आणि १९६९ अशी दोन अजिंक्यपदे जिंकून दिली आणि निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर सुरू झाले सत्कारांचे पर्व. १९७२च्या मार्चमध्ये सेल्टिक्सने त्याचा ६ क्रमांकाचा गणवेश सन्मानाने निवृत्त केला, म्हणजे तो क्रमांक संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही. समारंभ भरल्या प्रेक्षागृहात व्हायचा. रसेलने अट घातली की प्रेक्षकांसाठी दारे उघडायच्या आधी करा. रिकाम्या खुर्च्यांसमोर, मोजक्या जुन्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत तो क्रमांक छताला टांगला गेला. मी सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नाही, हे तो नेहमी सांगायचा. त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. दोन्ही ठिकाणी एका पिढीने हात जोडून उभे राहणे सोडले होते.

१९७५ साली बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. खेळाडू म्हणून निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. हा खेळातला सर्वोच्च मान. रसेल समारंभाला गेला नाही. त्याचे म्हणणे लोकांना नीट कळले ते ४४ वर्षांनी. २०१९ साली त्याने एका खाजगी छोट्या कार्यक्रमात ती अंगठी स्वीकारली आणि सांगितले की माझ्या आधी इतरांना हा मान मिळायला हवा होता. त्याने नाव घेतले ते चक कूपरचे. १९५० साली एनबीएच्या निवडप्रक्रियेत घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तोही सेल्टिक्सनेच घेतलेला. कूपरचा समावेश २०१९ला झाला आणि मगच रसेलने हात पुढे केला. कूपर तोपर्यंत हयातही नव्हता.

इथे काही आक्षेप येतील, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला आक्षेप गर्विष्ठपणाचा. रसेल स्वाक्षऱ्या देत नसे, लहान मुलांनाही नाही. समोरच्याशी हात मिळवून दोन शब्द बोलायला तयार असे, पण कागदावर नाव खरडायला नाही. एफबीआयने त्याच्यावर फाइल ठेवली होती आणि तिच्यात गोऱ्या मुलांना स्वाक्षरी न देणारा उद्धट माणूस अशी त्याची नोंद होती. देशाच्या गुप्तचर यंत्रणेला एका खेळाडूची न दिलेली सही खटकते, यावरून त्या सहीत त्यांना काय हवे होते ते कळते. तरीही मी हे मान्य करतो की वही घेऊन उभ्या असलेल्या पोराचा काही दोष नव्हता. रसेलचे सगळेच वागणे मला जमणार नाही आणि सगळेच पटतही नाही.

दुसरा आक्षेप विसंगतीचा. पुढे त्याने सन्मान घेतलेच की. २०११ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांच्या हस्ते 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' घेतले. २०१३ साली त्याच बॉस्टनमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. पण पुतळ्याला होकार देताना त्याने आग्रह धरला की त्याबरोबर मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या कामाला बळ मिळाले पाहिजे. आणि २०१७ साली अमेरिकेतले फुटबॉलपटू वंशभेदाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकत होते आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना शिव्या देत होते, तेव्हा ८३ वर्षांच्या रसेलने तेच पदक गळ्यात घालून, गुडघा टेकून फोटो काढला आणि जगासमोर ठेवला. पदक घेतले ते त्याने असे वापरले.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. रसेल रसेल होता म्हणून नकार देऊ शकला. त्याच्यावाचून संघाचे अडले असते. पेट्रोल पंपावर त्याच्या बापाला नकार देता आला नव्हता. आमच्या मुलीला उद्या क्रीडा कोट्यातून नोकरी हवी आहे. आज सत्काराच्या मंचावर बसलेला माणूस उद्या निवड समितीत बसू शकतो. तिच्या घरी वडील रंगकाम करतात आणि बुटांची जोडी तीन महिन्यांत झिजते. अशा मुलीला 'सत्कार लाथाड' म्हणून सांगणे सोपे आहे, कारण किंमत ती मोजणार असते. फेसबुकवर दुसऱ्याचा स्वाभिमान जाळणारे क्रांतिकारक आपल्याकडे कमी नाहीत.

म्हणून 'नाही म्हण' एवढाच धडा मी रसेलकडून घेत नाही. त्याने कधी नकार दिला, कधी अटीवर घेतले, कधी घेऊन उलट वापरले. सगळीकडे एक हिशेब मात्र पक्का होता. सन्मान एका माणसाला मिळतो आणि काढूनही घेता येतो. हक्क सगळ्यांचा असतो. सन्मान देऊन कुणी हक्काची मागणी मिटवू पाहत असेल, तर ते ओळखता आले पाहिजे. मी शाल घेतली यात माझी चूक नव्हती. शाल घेताना खोलीचे विसरलो, ती माझी चूक. मंचावर मी जे भाषण केले त्यात सगळ्यांचे आभार मानले होते. चहाबद्दल बोललो नाही, आणि माझ्यानंतर त्या गल्लीत खोली शोधायला गेलेल्या आपल्या पोरांना मी काहीच सोपे करून ठेवले नाही.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. दीड तास गेला, चहा दोनदा झाला. शेवटी म्हणालो, "जायचे का नाही ते तू ठरव. काय ठरवलेस तरी मी तुझ्या बाजूला उभा आहे."

ती गेली. मी मागच्या खुर्चीत होतो. तिने शाल घ्यायच्या आधी आईला आणि ज्या बाईंनी तिला सहावीत पहिल्यांदा चेंडू हातात दिला त्यांना मंचावर बोलावले. आपल्या आधी शाल त्यांना द्यायला लावली. मग माइक घेतला. सगळ्यांचे आभार मानले आणि सरळ आवाजात म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी आम्ही याच कॉलनीत खोली शोधत होतो, मैदान जवळ पडते म्हणून. आम्हाला मिळाली नाही. आम्ही अजून शोधतोय."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. निवेदकाने घसा खाकरून पुढच्या पाहुण्यांचे नाव घेतले. मंचावरचे एक गृहस्थ मोबाइलमध्ये बघू लागले. तिची आई मात्र मान वर करून समोर बघत होती. त्या बाईला मी वीस वर्षे ओळखतो, तिला असे बघताना कधी पाहिले नव्हते.

बिल रसेल ३१ जुलै २०२२ला वारला. त्यानंतर एनबीएने ६ हा क्रमांक सगळ्याच संघांतून कायमचा निवृत्त केला. हा मान त्याच्याआधी कुणालाही मिळाला नव्हता.

कार्यक्रमाला तीन आठवडे झाले. खोली अजून मिळालेली नाही. ती पहाटे पाचलाच निघते.